वॅगनआर आदळते: आधी टायर की आधी शॉकअप?

चोपड्याच्या एका भाऊंनी विचारलं आहे. गाडी 2019 ची वॅगनआर, 1.0 लिटर इंजिन, 13 इंची चाकं, 62 हजार किलोमीटर झालेली. टायर गाडीसोबत आलेलेच आहेत, नक्षी अजून बरी शिल्लक आहे, हवा 40 पीएसआय (टायरमधल्या हवेच्या दाबाचं माप) मारतात. आईला कमरेचा त्रास. तिला दवाखान्यासाठी जळगावला आणावं लागतं आणि मागच्या सीटवर बसून ती येईपर्यंत हैराण होते. एक जण म्हणतो 14 इंची अलॉय (मिश्रधातूची चाकं) टाका, दुसरा म्हणतो गॅसचे शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) टाका, तिसऱ्याने स्प्रिंगमध्ये रबरी बफर बसवायला सांगितलं. पैसे सध्या एकाच कामापुरते आहेत. टायर दोनच बदलले तर चालतील का, हेही विचारलं आहे.

भाऊ, पहिलं काम बिनपैशाचं. आईंना पुढच्या सीटवर बसवा. तुमच्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 2435 मिलिमीटर, म्हणजे अडीच मीटरही नाही. मागची सीट जवळजवळ मागच्या चाकांवरच येते, त्यामुळे मागचं चाक खड्ड्यात गेलं की तो धक्का सरळ बसणाऱ्याच्या कमरेत जातो. पुढची सीट दोन्ही चाकांच्या मधे पडते. तिथे तोच खड्डा निम्म्याने जाणवतो. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना मागे ऐसपैस बसवायची रीत आहे, पण छोट्या गाडीत ती त्यांच्याच अंगावर येते.

छोटी गाडी मुळात का आदळते तेही समजून घ्या, म्हणजे किती सुधारणा होईल याचा अंदाज येईल. तुमची गाडी रिकामी सव्वाआठशे किलोच्या आसपास. चार माणसं बसली की अडीचशे किलो वाढले, म्हणजे गाडीच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश. दीड-दोन टनांच्या मोठ्या गाडीला तीच चार माणसं कळतही नाहीत. भरलेली गाडी मागून जमिनीला टेकू नये म्हणून छोट्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा कडक ठेवाव्याच लागतात. मग दोघेच जण निघाले की त्या दबतच नाहीत. त्यामुळे वॅगनआरची इनोव्हा होणार नाही, कितीही पैसे घाला. पण आज ती जितकी आदळते त्यातलं बरंचसं आदळणं नंतर आलेलं आहे आणि ते काढता येतं.

आता मुद्द्यावर. माझ्याकडे गिऱ्हाईक येतं आणि सांगतं, ‘भाऊ, गाडी गह्यरी आदळस,’ म्हणजे फार आदळते. माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: कोणत्या रस्त्यावर, किती स्पीडला आणि आदळल्यावर पुढे काय होतं? टायर घ्यायचे की शॉकअप, हे या तीन उत्तरांवर ठरतं. आदळणं एकाच जातीचं नसतं.

बारीक, टोकदार धक्का म्हणजे खडी उघडी पडलेला रस्ता, डांबराच्या ठिगळाची कड, काँक्रीटच्या रस्त्यावरचे सांधे. चाक क्षणभर उचललं जातं आणि स्टिअरिंगमध्ये, सीटमध्ये ‘टक्’ असं येतं. तिथे सर्वात आधी काम करतो टायर. शॉकअप आणि स्प्रिंग हलायच्या आत टायरची भिंत, म्हणजे रिम आणि नक्षी यांच्या मधली बाजू, दबून तो धक्का गिळते. भिंत दबली नाही तर मागे कितीही भारी शॉकअप असू दे, ‘टक्’ आत येणारच.

लांब लाट ही वेगळी गोष्ट, आणि खान्देशात ती भरपूर आहे. तापीकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा रस्ता खड्डे न पडताही दोन-तीन वर्षांत लाटेसारखा वर-खाली होतो. अशा रस्त्यावर गाडी पाळण्यासारखी झुलायला लागते. मोटारीची बॉडी स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा झुलते. 60 च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. रस्त्यावरच्या लाटा 12 ते 15 मीटरच्या असतील तर त्यांचा ठेका गाडीच्या झुलण्याच्या ठेक्याशी बरोबर जुळतो आणि प्रत्येक लाटेला झोका वाढत जातो. स्पीड 40 वर आणला की ठेका तुटतो, गाडी शांत होते. अशा ठिकाणी टायर काहीच करू शकत नाही, ते सगळं काम शॉकअपचं. वजन पेलते स्प्रिंग, धक्का साठवून ठेवतेही तीच. तिचा झोका मारायचा एवढंच शॉकअपचं काम. नळीतलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि झोक्याची ताकद उष्णता होऊन निघून जाते.

आणि तिसरं म्हणजे ‘खट्’ किंवा ‘कट-कट’ असा लोखंडी आवाज. तो ना टायरचा, ना बहुतेक वेळा शॉकअपचा. चाक बॉडीला जोडणाऱ्या भागांपैकी, म्हणजे लोअर आर्मचे रबरी बुश, बॉल जॉइंट, स्टॅबिलायझरची लिंक, स्ट्रटचं (पुढच्या शॉकअपचं) वरचं माउंटिंग यांपैकी काहीतरी सैल आहे. हे भाग टायर-शॉकअपच्या मानाने स्वस्त असतात, आणि लोक नेमके हेच सोडून चार शॉकअप बदलून बसतात.

तुमच्या वर्णनावरून तुमचा त्रास मुख्यतः पहिल्या जातीचा वाटतो. गाडी डुलते असं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. ‘दगडासारखी लागते’ असं लिहिलं आहे आणि हवा 40 सांगितली आहे.

ते 40 आधी उतरवा. ड्रायव्हरच्या दाराची चौकट बघा, तिथे स्टिकर आहे. बहुतेक छोट्या गाड्यांचा आकडा 30 ते 36 पीएसआयच्या दरम्यान असतो. तुमच्या स्टिकरवर जो असेल तोच ठेवा, आणि पूर्ण भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असेल तर त्या दिवशी तो. टायरचा कडकपणा जवळपास हवेच्या प्रमाणात वाढतो. 33 च्या जागी 40 भरली की टायर साधारण एक पंचमांश कडक झाला. म्हणजे फुकटच्या हवेने तुम्ही गाडीला चार कडक स्प्रिंगा लावून घेतल्या आहेत. वर टायर मधोमध झिजणार आणि ब्रेकला पकड कमी मिळणार. ‘जास्त हवेने ॲव्हरेज वाढतो’ हे थोडं खरं आहे, पण कमरेच्या बदल्यात तो सौदा परवडत नाही.

हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजायची. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं, कारण मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 वर जातो. दर पाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआय वाढतो. सकाळी 28 अंशांना 33 भरलेली हवा दुपारी सावलीत उभ्या गाडीतही 36 दाखवेल, आणि हायवेवर पळून आल्यावर त्याहून जास्त. ती पाहून घाबरून हवा काढू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेचा निघेल, आणि कमी हवेचा टायर उन्हाळ्यात भिंतीतून तापून फुटतो. नायट्रोजन फुकट मिळत असेल तर घ्या, विकत घेण्यात मला अर्थ वाटत नाही. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. गाडी आरामदायी होण्याशी त्याचा संबंध नाही.

आता टायरचं वय. तुम्ही टायरवरचा आकडा 3819 असा पाठवला आहे. तो वाचायचा असा: 38 वा आठवडा, साल 2019. म्हणजे हे टायर खान्देशचे सहा उन्हाळे खाऊन बसले आहेत. नक्षी शिल्लक आहे याचा अर्थ रबर जिवंत आहे असा होत नाही. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन रबरातला लवचिकपणा काढून घेतात. टायरच्या भिंतीवर नखाने दाबून बघा, नवा टायर नख आत घेतो, जुना घेत नाही. भिंतीवर, नक्षीच्या खाचांत केसासारख्या भेगा दिसतात का तेही बघा. काही टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहाव्या वर्षी सक्तीने बदल असं सांगतात. गाडी सावलीत उभी राहत असेल तर तो हिशेब ठीक. ओट्यासमोर उन्हात उभी राहणारी गाडी असेल तर मी सहा-सात वर्षांच्या पुढे टायर ठेवत नाही, मग नक्षी कितीही असो. नक्षीची कायद्याची खूण वेगळी असते, खाचेत 1.6 मिलिमीटरवर बारीक उंचवटा असतो. तिथवर टायर घासत नेणारे पुष्कळ भेटतात, पण पावसात चिखल झालेल्या हायवेवर ते धाडस नको.

म्हणून तुमच्या पैशांचा पहिला हक्क टायरचा. हवा उतरवल्यावर आठवडाभर चालवून बघा, फरक त्यातच कळेल. उरलेला फरक नवे टायर देतील.

कोणत्या मापाचे? इथे अलॉयचा विषय येतो. तुमचं मूळ माप 155/80 आर 13. म्हणजे रुंदी 155 मिलिमीटर आणि भिंतीची उंची त्याच्या 80 टक्के, म्हणजे 124 मिलिमीटर. कंपनी याच गाडीच्या 1.2 लिटर मॉडेलला 165/70 आर 14 देते. त्याची भिंत 115.5 मिलिमीटर. चाक मोठं दिसतं, पण धक्का गिळणारी भिंत साडेआठ मिलिमीटरने घटते. स्विफ्टमध्ये हे अजून स्पष्ट दिसतं. साध्या मॉडेलला 165/80 आर 14 आणि वरच्या मॉडेलला 185/65 आर 15. दोन्ही चाकांची एकूण उंची जवळजवळ सारखी, 620 मिलिमीटरच्या आसपास, पण भिंत 132 वरून 120 वर येते. वरचं मॉडेल वळणावर छान बसतं आणि खडीवर जास्त टोचतं. लोक जास्त पैसे मोजून कडक गाडी घेतात आणि मग माझ्याकडे येतात. दिसायला भारी असतं, ते मान्य.

आरामासाठी अलॉय घेत असाल तर घेऊ नका. शिवाय बाजारातले स्वस्त अलॉय छोट्या लोखंडी रिमपेक्षा हलके असतीलच असं नाही, आणि चाक जड झालं की ते खड्ड्यावरून उसळून परत जमिनीवर यायला वेळ घेतं. लोखंडी रिम वाकली तर ठोकून सरळ होते, अलॉयला तडा जातो. सातपुड्याच्या डोंगरात, तोरणमाळ किंवा अक्राणीच्या बाजूला जाणाऱ्याने तर लोखंडी रिमच्या पायाच पडावं.

उलट दिशेने जाता येतं का? म्हणजे त्याच 13 इंची रिमवर 165/80? त्याची भिंत 132 मिलिमीटर, चाकाची एकूण उंची 578 वरून 594, म्हणजे पावणेतीन टक्के जास्त. तीन टक्क्यांच्या आत आहे म्हणून बरेच जण टाकतात, आणि खडीवर थोडा फरक पडतो हे खरं. पण स्पीडोमीटर 80 दाखवेल तेव्हा गाडी 82 ने जात असेल, 1.0 इंजिन उठायला थोडं जड होईल, भरलेल्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर चाक आतल्या प्लास्टिकला घासतं का ते बघावं लागेल. अपघाताच्या क्लेमच्या वेळी वेगळ्या मापावरून कुणी बोट दाखवू शकतं हेही लक्षात ठेवा. मी तुमच्या जागी असतो तर मूळ मापावर थांबलो असतो. नव्या टायरचा नरमपणा आणि योग्य हवा यातून मिळणारा फायदा त्या आठ मिलिमीटरपेक्षा मोठा आहे.

टायर निवडताना दुकानदाराला ‘जास्त किलोमीटर चालणारा द्या’ असं म्हणू नका. टॅक्सीवाल्यांसाठी बनवलेले टायर कडक रबराचे असतात, खूप चालतात आणि खूप आदळतात. ‘नरम, आवाज कमी असलेला द्या’ असं सांगा. त्याची किंमत अशी की तो थोडा लवकर झिजेल आणि भिंत नाजूक असेल. शेतात गाडी नेत असाल तर कपाशी किंवा तूर कापल्यावर राहिलेल्या खुंटांवरून नेऊ नका, नरम भिंतीत ते खुंट सुरीसारखे घुसतात. बाभळीच्या काट्याचं पंक्चर दुरुस्त होतं, भिंतीतलं होत नाही. मापाशेजारचा 79 टी असा आकडाही बघून घ्या. 79 म्हणजे एक टायर 437 किलो पेलतो, टी म्हणजे 190 किलोमीटर स्पीडपर्यंत चालतो. तुमच्या मूळ टायरवर जे असेल त्याच्या खाली जायचं नाही. आणि विकत घेताना तारीख वाचा. गोडाऊनमध्ये दोन वर्षं पडलेला टायर सवलतीत गळ्यात मारायला दुकानदार टपलेलेच असतात.

आता शॉकअप. 62 हजारांवर ते दमलेले असू शकतात, पण आकड्यावरून बदलू नका, तपासा. बॉनेट दाबून सोडायची जुनी पद्धत फक्त मेलेला शॉकअप पकडते, अर्धमेला तिच्यातून सुटतो. त्यापेक्षा ओळखीच्या गतिरोधकावरून 20 च्या स्पीडने गाडी न्या आणि मागच्या सीटवर कुणाला तरी बसवा. उतरल्यावर गाडी एकदा वर येऊन जागेवर बसली तर शॉकअप ठीक. दोन-तीन वेळा मान हलवली तर गेले. मग गाडी उचलून शॉकअपची नळी बघा. नुसता ओलावा असेल तर घाई नाही. तेलावर धूळ बसून चिकट थर झाला असेल तर तो संपला. टायरवर तळहात फिरवा. चढ-उतार, वाट्या-वाट्या लागल्या तर चाक रस्त्यावर नीट टेकत नाही, म्हणजे शॉकअप कमजोर आहे किंवा बॅलन्सिंग बिघडलं आहे. असे वाट्या पडलेले टायर घूं-घूं आवाज करतात आणि लोक बेअरिंग बदलत बसतात.

एक आकडा आईंसाठी महत्त्वाचा आहे. बसलेल्या माणसाच्या कण्याला सेकंदाला 4 ते 8 वेळा होणारी उभी थरथर सर्वात जास्त लागते. दोन-दोन मीटरवर ठिगळं असलेल्या रस्त्यावर 40 च्या स्पीडला नेमकी पाच-साडेपाच वेळा थरथर होते. तिथे 20 वर या, थरथर या 4 ते 8 च्या टप्प्याबाहेर जाते. कमरेसाठी घेतलेला मणकापट्टा जितकं करणार नाही तितकं हे करतं.

गॅसच्या शॉकअपबद्दल बाजारात मोठा गैरसमज आहे. त्यातही तेलच असतं. तेलाच्या वर कमी दाबाचा नायट्रोजन भरलेला असतो, तेल घुसळून त्याला फेस येऊ नये म्हणून. सलग खराब रस्ता, भर उन्हाळा, भरलेली गाडी अशा वेळी साध्या शॉकअपच्या तेलाला फेस येतो आणि तो ढिला पडतो. गॅसवाला तसाच टिकून राहतो. पण तो नरम नसतो, जराशी ताठ बाजूच असते. झुलणाऱ्या गाडीला तो उत्तम. तुमच्यासारख्या दगड लागणाऱ्या गाडीला तो लावलात तर म्हणाल, पैसे देऊन अजून कडक करून घेतली. कंपनीच्या मूळ जातीचा शॉकअप तुमच्या स्प्रिंगशी जुळवून दिलेला असतो, बदलायचाच झाला तर तोच किंवा त्याच्या बरोबरीचा नामांकित घ्या. जुना फोडून, तेल भरून, वेल्डिंग करून देणारे आहेत. त्यांच्याकडे जाऊ नका, तो दोन महिन्यांत गळतो आणि डावी-उजवी बाजू कधीच सारखी होत नाही.

रबरी बफर तर स्प्रिंगच्या वेटोळ्यांत अडकवलेला ठोकळा. तो स्प्रिंगचा एक वेटोळा बंद करतो, गाडी इंचभर उचलली जाते आणि स्प्रिंग कडक होते. मागे बाहेरून सीएनजी किट बसवून गाडी मागून बसली असेल तर लोक तो लावतात, तेही मला पटत नाही. तिथे योग्य ताकदीची स्प्रिंग टाकणं बरोबर. तुमच्या गाडीत तर कमरेच्या दुखण्यावर तो मीठच चोळेल.

पुढे शॉकअप बदलायची वेळ आली तर जोडीने बदला, पुढचे दोन किंवा मागचे दोन. पुढे बदलताना वरचं माउंटिंग, त्यातलं बेअरिंग, बंप स्टॉपर (शॉकअप पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारं रबर) आणि धुळीचं कव्हर तपासून खराब असेल ते त्याच वेळी टाका, कारण त्यासाठी पुन्हा सगळं खोलावं लागतं. नंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा जुळवून घ्या. आणि एक गोष्ट मेकॅनिकसमोर उभं राहून करून घ्या: रबरी बुशमधून जाणारे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना शेवटचे घट्ट करायचे नाहीत. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन बसल्यावर घट्ट करायचे. लटकत्या अवस्थेत आवळले की बुश कायम पिळलेलं राहतं, गाडी नव्या शॉकअपवरही ताठ चालते आणि बुश सहा महिन्यांत फाटतं. गिऱ्हाईक घाईत असतं, मेकॅनिकही घाईत असतो, आणि हे काम नेमकं तेव्हाच राहून जातं.

राहिला दोन टायरचा प्रश्न. चारही सहा वर्षांचे आहेत, तेव्हा चार घ्या असंच सांगेन. पण पैसे खरंच दोनापुरतेच असतील तर नवे दोन मागे लावा. पुढचं चाक ओढतं म्हणून नवे पुढे, असं दुकानात सांगतील. पण ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटली तर गाडी फिरते आणि ती सावरणं साध्या माणसाच्या हातात राहत नाही. पुढची सुटली तर गाडी सरळ जाते, स्पीड कमी करून आवरता येते. शिवाय मागे नरम टायर आले की मागच्या सीटचं आदळणंही कमी होतं. उरलेले दोन पावसाळ्याआधी घ्या, आणि स्टेपनीची तारीख बघायला विसरू नका. तीही 2019 चीच असणार.